देवमनची एकेरी तार

देवमन तीस वर्षं तारखात्यात लाइनमन होता. अनसिंग, शिरपूर, रिसोड, कुणाच्या बांधावर म्हणून त्याने खांब रोवायचे ठेवले नाहीत. सरकारची तार डोक्यावरून गेली म्हणून कुणाचा देव कधी बाटला नाही. देव बाटायला लागला तो देवमनने स्वतःच्या घरची तार ओढली तेव्हा.

देवमन पेन्शनीत निघाला, आणि अठ्ठ्याहत्तर साली त्याच्या बायकोवरून, भागिरथावरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं, वाचा बसली. घर बौद्धपुऱ्यात, वावर गावाच्या दुसऱ्या टोकाला. वावर तर सोडता येत नव्हतं, आणि बाई खाटेवरून पडली तर हाक कोण मारणार?

खात्याच्या लिलावात भंगारात घेतलेला एक जुना रिले, म्हणजे तारेतून आलेल्या थोड्याशा विजेवर घंटी चालू करणारी कळ, आणि बॅटरी त्याच्याकडे होती. त्याने खाटेच्या पायाखाली स्प्रिंग घालून दोन पितळी पट्ट्या बसवल्या. भागिरथा खाटेवर असली की तिच्या वजनाने पट्ट्या अलग राहत. ती खाली पडली, खाट हलकी झाली, की पट्ट्या चिकटत आणि वावरातल्या खोपटात घंटी वाजे. कुणी बटन दाबायला नको की कुणाच्या पाया पडायला नको.

तारही एकच लागली. ही तारखात्याची विद्या होती. वीज जाते तारेतून आणि परत येते जमिनीतून. दोन्ही टोकांना ओल्या मातीत लोखंडी सळई ठोकली की काम भागतं.

सरळ वाट दौलतरावाच्या घरावरून आणि गोठ्यावरून होती. दौलतराव गावातला मोठा शेतकरी. देवमनच्या अंगात खात्याची शिस्त मुरलेली, त्याने चक्क लेखी अर्ज दिला. दौलतरावाने हसत सही ठोकली. तीन महिने कुणाचं काही बिघडलं नाही. मग दौलतरावाचा मेहुणा पाहुणा म्हणून आला आणि गोठ्यात उभं राहून त्याने विचारलं, बौद्धपुऱ्याची तार तुमच्या डोक्यावरून कशी? झालं. सही केलेल्या हातानेच दौलतरावाने काठीला विळा बांधून तार तोडली. निरोप द्यायचं काही त्याला सुचलं नाही.

भागिरथा त्याच दिवशी पडली.

देवमन वावरात निंदत होता, कान घंटीकडे. घंटी गप्प म्हणून हा निर्धास्त. घरी आला तर ती खाली जमिनीवर, गाल सोललेला, लुगडं ओलं, तोंडावर माश्या. सकाळपासून तशीच पडून होती. त्याने तिला उचललं, धुतलं, खाटेवर निजवलं. मग तो सहीचा कागद घेऊन दौलतरावाकडे गेला. कागद उलगडून त्याने सही दौलतरावासमोर धरली.

"कागद घाल चुलीत," दौलतराव म्हणाला. "घर माहं हाये. तुह्या तारेचा इटाळ मले नको."

असल्या माणसाला काय म्हणावं? सही करताना विटाळ नव्हता, मेहुण्याने डिवचल्यावर झाला.

देवमनने आठ दिवस राबून बाभळीचे एकोणीस खांब रोवले आणि नाल्याच्या काठाने लांबचा वळसा घालून तार नेली. घंटी पुन्हा वाजायला लागली, पण त्याच्या डोक्यातला जाळ विझला नाही.

बाजाराच्या दिवशी दौलतराव चार माणसांत पारावर पाय सोडून बसला होता. देवमनला बघून तो मोठ्याने म्हणाला, की बरं झालं, गावावरची पीडा गेली.

देवमन थांबला. "गेली कुठं? तार तेवढी नाल्यानं नेली मी," तो म्हणाला. "वीज तर वावरातून परत जमिनीतूनच येते. तिले वळसा ठाऊक नाही. ती तुमच्या गोठ्याखालून, तुमच्या देवघराखालून येऊन राह्यली. माही बाई पडली की दर वेळी येईल. वरची तोडली तुमी, आता खालची तोडा. फावडं मी आणून देतो."

दौलतरावाने खाली सोडलेले पाय वर घेतले.