वाढवलेलं दुकान

भर दुपारी आमच्या जुन्या पेठेतल्या कासारकाकांचं शटर अर्धं खाली दिसलं आणि मी थबकले. बाहेर टेम्पोत बांगड्यांची रिकामी कपाटं चढत होती. बायपास झाल्यापासून गिऱ्हाईक तिकडच्या चकचकीत दुकानांकडे वळलं आणि पेठेतली कितीतरी शटरं खाली आली ती आलीच.

मी वाकून विचारलं, "काका, काय चाललंय?"

"दुकान वाढवतोय!" आतून उत्तर आलं.

आमच्याकडे दुकान कुणी बंद करत नाही, वाढवतात. बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. अशुभ बोलू नये म्हणून केलेली ही सोय. पण गेल्या काही वर्षांत पेठेत तो शब्द इतक्या वेळा ऐकला की त्याचा सरळ अर्थ मी विसरूनच गेले होते.

"कायमचं?" मी विचारलं.

"मग काय, पाडलेली भिंत परत बांधू होय?" म्हणत काकांनी शटर वर ढकललं. धुरळा खाली बसला तसं शेजारचं, कित्येक वर्षं कुलूप लागलेलं शिंप्याचं दुकान आरपार दिसलं. पेठेत गाड्यांना बंदी झाल्यापासून बायका पुन्हा निवांत पायी येताहेत, त्यांना बसायला जागा पुरत नव्हती. कपाटं नुसती रंगवायला निघाली होती.

मी तिथेच विटांच्या ढिगावर बसले आणि हात पुढे केला. काका हिरव्या बांगड्या भरू लागले. चौथी भरताना कट्‌कन आवाज झाला.

"वाढली," काका म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.