खुशालचा हर्निया

अल्लीपुरात खुशालएवढा बोलका माणूस शोधून सापडायचा नाही. हिंगणघाटच्या बाजारात वांग्याचं पोतं सोडता सोडता तो गिऱ्हाइकाला तीन गावच्या भानगडी ऐकवणार. कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून रुसली, सगळं. घरातलंही काही त्याच्या पोटात राहायचं नाही. अशा माणसानं आयुष्यात एकच गोष्ट लपवली, आणि मेल्याला लपवायला नेमकी तीच सापडली!

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सकाळी वांगी तोडायला म्हणून शेतात गेला, सरीत बसला, आणि उठताना जांघेत खाली डावीकडे अशी कळ आली की टोपलं हातातून सुटलं. चाचपून पाहिलं तर एक गोटी वर चढलेली, फुगलेली, हात लावू देईना. वाकत वाकत घरी आला. मंदाबाई, त्याची आई, चहा ठेवत होती. बायको रंजिता कणीक मळत होती. दोघींनी एकदमच विचारलं, "काय झालं?"

आता दोन बायांसमोर त्या जागेचं नाव कसं घ्यायचं? "पोट दुखते," म्हणाला. आमच्याकडे असंच आहे. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत माणसाचं काहीही दुखो, त्याला पोटच म्हणतात. मंदाबाईनं हिंग-ओवा चारला. मग गावातल्या डॉक्टरकडे नेलं आणि लेकाच्या उशाशीच उभी राहिली. डॉक्टरनं विचारलं, "कुठं दुखते?" आई समोर, म्हणून तिथंही पोटच. डॉक्टरनं पोट दाबलं, सुई टोचली, घरी पाठवलं.

दुपारी ओकाऱ्या सुरू झाल्या. मग कुठं चुलत्याच्या कानात खरी जागा सांगितली. चुलत्यानं गाडी काढली आणि वर्ध्याचा मोठा दवाखाना गाठला. तिथं पाहता पाहता ऑपरेशनला घेतलं, पण वेळ निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सर्जन खाटेजवळ आले. मोकळा माणूस. म्हणाले, "अंडकोषाला पीळ पडला होता. रक्त पोचलं नाही, म्हणून एक काढावा लागला. सकाळीच आला असतास तर वाचला असता. दुसरा चांगला आहे, त्याला पीळ पडू नये म्हणून टाके घालून बसवलाय. एक पुरतो रे. लेकरंबाळं होतात, सगळं होतं. महिना-दीड महिना ओझं नको, मोटरसायकल नको, बायकोजवळ जाणं नको. मग मला एकदा दाखव आणि पहिल्यासारखा संसार कर. बायको आलीय का? बोलाव, तिलाही सांगतो."

"ते घरी हाय," खुशाल म्हणाला.

रंजिता दाराबाहेर बाकड्यावर बसली होती. मांडीवर डबा होता, डब्यात त्याच्यासाठी घरून आलेली मुगाची खिचडी होती. रात्रभर ती त्याच बाकड्यावर होती.

पुढचं सगळं त्या एका वाक्यातून झालं. घरी सांगितलं, हर्निया होता. हर्निया अब्रूदार आजार. गावात चार-पाच जणांना झालेला, कोणी हसत नाही. चुलत्यालाही गळ्याची शपथ घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं. पण बायकोपासून मूठ झाकून संसार होतो काय?

रंजितानं त्याचं खूप केलं हो. गरम पाणी, पथ्याचं जेवण, उठता-बसता हाताचा आधार. पट्टी बदलू म्हणाली तर हा वसकन अंगावर जायचा. आपले कपडे आपणच धुवायचा. ती बिचारी समजली, माणूस दुखण्यानं चिडचिडा झाला.

दीड महिना सरला. डॉक्टरकडे दाखवायला जायचं होतं, पण तिथं जाऊन पुन्हा नाडी सोडून दाखवा, नर्सा समोर! गेला नाही. आपलं आपणच बरं झालो असं ठरवलं आणि एका रात्री रंजिताजवळ गेला. जवळ गेला खरा, पण मन तिच्यात नव्हतंच. सगळं ध्यान टाक्यांवर. तिचा हात कुठं लागेल, तिला कळेल काय, आपल्याच्यानं होईल काय. तेवढ्यात आत थोडं ओढल्यासारखं झालं, आणि अंगातला जोरच गेला. संपलं, आपण आता माणसात नाही, असं त्याच्या मनानं घेतलं.

"दुखते काय?" रंजितानं हळूच विचारलं.

अरे, दार उघडून दिलं होतं तिनं! फक्त हो म्हणायचं होतं. पण हा म्हणाला, "तुले दुसरं काई सुचत नाई काय?" आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. त्यानंतर तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

मग खुशाल रात्री पीक राखायला, जागलीला, जाऊ लागला. रानडुकरं येतात म्हणे. पीक होतं तोवर ठीक. पीक निघाल्यावरही हा रिकाम्या वावरात जाऊन झोपायचा. मंदाबाई म्हणायची, "काय ढेकळं राखून राह्यला काय बाप्पा?" तो हसून टाळायचा. आडवं पडलं की एकच विचार यायचा, उद्या सांगू. असे उद्या उद्या करत दोन वर्षं गेली. गावातल्या बाया रंजिताच्या पोटाकडं बघू लागल्या. मंदाबाईनं तिला झाडपाल्याचं कडू औषध आणून दिलं. रंजिता ते सासूसमोर उभी राहून प्यायची. खुशाल समोरच जेवत असायचा.

शेजारच्या रूपालीचं डोहाळजेवण निघालं. मांडवात खुर्च्या मांडायला खुशाल होता. एकेक बाई उठून रूपालीची ओटी भरत होती. रंजितानंही तांदूळ आणि नारळ ताटात घेतला आणि निघाली, तर मंदाबाईनं तिचा हात धरला.

"तू नोको भरू माय. तिची पयली खेप हाय."

रंजितानं एकदा फक्त खुशालकडं पाहिलं. एका वाक्यात ती सगळ्यांची तोंडं बंद करू शकली असती. माह्या नवऱ्यानं मले दोन वर्षांत हात लावला नाई, एवढंच म्हणायचं होतं. ती ते म्हणाली नाही. त्याची अब्रू राखली आणि ताट खाली ठेवलं. आणि खुशाल काय करत होता? खुर्च्या मांडत होता! लोक बसलेले, खुर्च्या पुरेशा, तरी हा एक उचलून दुसरीकडं ठेवत होता.

दुसऱ्या दिवशी रंजिता पिपरी मेघेला माहेरी गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. फोन केला की म्हणायची, "बरी हाय." येतेस कधी विचारलं की म्हणायची, "कायले?" दिवाळी गेली. मंदाबाई दुसऱ्या पोरीची गोष्ट काढू लागली, तेव्हा खुशालच्या पायाखालची वाळू सरकली. बायको जाते आता, हे त्याला तेव्हा कळलं. वर्ध्याला सर्जनसमोर जाऊन उभा राहिला.

त्यांनी तपासलं. "काय झालंय तुला? ठणठणीत आहेस," म्हणाले. "पहिल्या वेळी ओढलं ते ताजे टाके होते. बाकी सगळी भीती. दीड महिन्यानं आला असतास तर तेव्हाच सांगितलं असतं." मग चष्मा काढून विचारलं, "बायकोला सांगितलंस?"

खुशाल तिथंच ढसाढसा रडला.

तसाच पिपरीला गेला. रंजिता अंगणात मेथी निवडत होती. जमिनीकडं बघत त्यानं सगळं सांगितलं. पहिली कळ, पोट, काढलेली गोटी, हर्नियाचं खोटं, बाकड्यावर ती बसलेली असताना बोललेलं वाक्यसुद्धा. ती मेथी निवडायची थांबली नाही.

"डॉक्टरनं किती दिवसाचं सांगतलं होतं?"

"दीड महिना."

"आन तुमी दोन वर्ष लावले."

हातातली जुडी निवडून संपवली, मग म्हणाली, "येते मी. पण मायले तुमी सांगान. मी नाई सांगत."

त्यानं सांगितलं. मंदाबाईच्या हातातला झारा हातातच राहिला. लेकाच्या दुखण्यावर ती एक शब्द बोलली नाही. "अन मी त्या पोरीले औषध पाजलं रे," एवढंच म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. सून आली तेव्हा दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिच्या पाया पडायलाही वाकली. रंजितानं वरच्यावर धरलं.

आणि सर्जन म्हणाले होते तसंच झालं. काही अडलं नाही, काही दुखलं नाही. पहिल्यांदा रंजितानंच विचारलं, कुठं टाके आहेत, हात लावला तर चालते काय. लाज वाटायची ती वाटली, मग दोघंही हसले. किती सोपं होतं हो! खुशालला वाटलं, सुटलो. आता तो जागलीला जात नाही. बाजारात त्याची बडबड पुन्हा सुरू झाली.

परवा संध्याकाळी जेवणं झाली, आणि न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज आला. रंजिता ओल्या केसांनी बाहेर आली, थंडीनं कुडकुडत.

"सकाळी केलती ना आंघोळ?" खुशाल म्हणाला. "एवढ्या थंडीत काऊन?"

"रोजच करते. पयले तुमी वावरात राहे, आता पारावर राहता, तुमाले कसं दिसन?" केस पुसता पुसता ती म्हणाली. "मले वाटे, माह्याच आंगाचा वास येते तुमाले. म्हून दोन डाव साबण लावून पाहे, तरी तुमी येत नोते."

"तसं काईच नोतं, रंजिता."

"आता मालूम हाय मले," ती म्हणाली. "पण पाणी घेतल्याबिगर तुमच्याजवळ याले अजून भेव वाटते."