नऊ नि सात चौदा

आमच्या संस्थेत बढतीचा अर्ज भरायचा तर आधी स्वतःचा आकडा काढून आणावा लागतो. मी बायकांच्या रक्तक्षयावर काम करते. अंगात रक्त कमी असलेल्या बाया, त्यांना मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या आणि त्या गोळ्यांचं पुढे घरात काय होतं, हा माझा विषय. सगळी नोकरी यातच गेली. पण अर्जात गोळ्यांबद्दल कुणी विचारत नाही. तिथे एक चौकोन असतो आणि त्यात एच-इंडेक्स लिहायचा असतो.

ज्यांचा या भानगडीशी कधी संबंध आला नाही अशा सुखी माणसांसाठी सांगते. तुमचे पंधरा शोधनिबंध असे हवेत, की त्यातल्या प्रत्येकाचा हवाला पुढच्या लेखनात निदान पंधरा वेळा दिलेला आहे. मग तुमचा आकडा पंधरा. एखादा निबंध तुम्ही जीव ओतून लिहिलात आणि त्याची दखल चौदांनीच घेतली, तर तो निबंध उंबऱ्याबाहेर. वरच्या पदासाठी पंधराची अट होती. ते पद मिळालं तर पुढे काय शोधायचं हे मी ठरवणार, नाहीतर दुसरा कुणीतरी ठरवणार आणि मी मान डोलावणार. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. ती मला माझ्या मनासारखी हवी होती.

ग्रंथालयातल्या साहेबांनी संगणकावर माझं नाव टाकलं. शहराच्या जुन्या भागातले, तिथली दख्खनी हिंदी बोलणारे सज्जन गृहस्थ, माझ्याच वयाचे. आकडा आला नऊ.

मी म्हटलं, शक्य नाही. त्यांनी आणखी शोधलं आणि चष्मा वर केला. "मॅडम, ये दूसरी एक हैं. काम आपकाच, शहर बी येच. इनका सात है. फिर एकदम सब बंद. क्या हुआ इनको, गुजर गए क्या?"

"नहीं," मी म्हटलं. "शादी हो गई."

ते हसले नाहीत, मीही हसले नाही. कारण ते खरंच होतं.

माझं लग्न बत्तिसाव्या वर्षी झालं. सुलतान बाजारातल्या मराठी मास्तरांची मुलगी, डॉक्टरेट घेतलेली, इतकी वर्षं बिनलग्नाची, म्हणून माहेरी सगळे आधीच जेरीस आले होते. त्यामुळे त्याच शहरातल्या हिमायतनगरच्या सासरी तबकात तांदूळ पसरले आणि नवऱ्याने अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. आडनाव बदलणार हे ठाऊक होतंच. पण आमच्यात पाळण्यातलं नावही बदलतात. सासूबाईंनी नवऱ्याच्या नावाला शोभेल असं नाव निवडलं होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही लाजले. खोटं कशाला सांगू, मला ते नाव आवडलंही होतं.

पुढचा मूर्खपणा मात्र सर्वस्वी माझा. सही, बँक, पासपोर्ट सगळं बदललं, आणि त्याच ओघात निबंधांवरही नवं नाव घातलं. तोवरचं सगळं काम ज्या बाईने केलं होतं, तिला मी स्वतःच्या हाताने कामावरून काढून टाकलं. माझ्या शेजारच्या खोलीत बसणाऱ्या तेलुगू मैत्रिणीने लग्नानंतर एक अक्षर बदललं नाही. तिने तेव्हाच मला विचारलं होतं, की तुमच्याकडे बाईचं नाव असं धुऊन कसं टाकतात? मी तिला आमच्या रीतीचं कौतुक सांगत बसले होते. आज आठवलं की कानशिलं तापतात.

दोन्ही बायका जोडता येतात, असं साहेब म्हणाले. लग्नाचा दाखला द्यायचा, अर्ज करायचा. फक्त मुख्य नाव एकच ठेवायचं, ते मी ठरवायचं.

त्या संध्याकाळी जेवताना मी घरी सांगितलं, मी जुनं नाव ठेवणार.

नवरा रेल्वेतून निवृत्त झालेला, हिशेबी माणूस. त्याला नावाचं काही नव्हतं. "नऊ नि सात सोळा! अगं, झालं की मग तुझं!" म्हणून तो तसाच उठला आणि खाली जाऊन जिलेबी घेऊन आला. सासूबाईंनी जिलेबीला हात लावला नाही.

"एवढी वर्षं ज्या नावाने घरात राहिलीस ते नाव वाईट आहे का गं?" त्यांनी विचारलं. "मी निवडलं होतं ते. लोक म्हणतील, सुनेला आमचं नाव नको झालं."

"घरात तेच राहील, आई. पण काम सुरू केलं ते त्या मुलीने. तिला मारून मला मोठं व्हायचं नाही."

"मारलं कुणी तिला?"

"आपण सगळ्यांनी मिळून," मी म्हटलं. आवाज चढला होता. सासूबाई ताटावरून उठल्या आणि पुढचे तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही.

तीन आठवड्यांनी जोडणी झाली. आकडा चौदा.

एच-इंडेक्सची बेरीज होत नसते, हे मला कळायला हवं होतं. दोन्हींकडे मिळून चौदाच निबंध अटीत बसत होते. पंधरावा एका सायटेशनने, म्हणजे एका हवाल्याने अडकला होता, आणि तो कुठला, तर माझा सगळ्यात लाडका. गोळ्या मिळूनही बायका त्या का घेत नाहीत, हे शोधायला मी शहराबाहेरच्या एका गावात महिनाभर चुलीपाशी बसले होते. एकीने सांगितलं, गोळीने तोंडाची चव जाते, मग भाजीत मीठ चुकतं आणि सासू बोलते. दुसरी म्हणाली, रिकाम्या पोटी मळमळतं, आणि पोट भरायचं तर सगळ्यांचं जेवण झाल्यावर. हे कुठल्याच तपासणीत दिसत नाही. मला ते दिसलं होतं, मी ते लिहिलं होतं, आणि चौदा जणांनी त्याची दखल घेतली होती.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली. "मॅडम, आपका नया पेपर छपने जा रहा ना? उसमें ये पुराना डाल देव. एकिच तो होना. सबिच डालते."

ते खोटं बोलत नव्हते. सगळेच घालतात. वरच्या मजल्यावरच्या एकाने तर पंखा दुरुस्तीच्या तक्रारअर्जातही स्वतःचेच हवाले दिले असते. माझा नवा निबंध प्रयोगशाळेतल्या मोजमापाचा होता, त्यात चुलीपाशी बसलेल्या बायकांचं काही काम नव्हतं. तरी मी दोन दिवस तो मजकूर उघडून बसले. एक वाक्य लिहिलंसुद्धा. मग त्या भाजीत मीठ चुकणाऱ्या बाईची आठवण झाली, तिला मी स्वतःच्या बढतीसाठी पुन्हा वापरते आहे असं वाटलं, आणि माझीच मला चीड आली. वाक्य खोडलं. अर्जावर जुनं नाव लिहिलं, खाली सेवापुस्तकातलं नवं नाव लिहिलं, आणि चौकोनात चौदा.

समितीत पाच जण होते. अध्यक्ष बोलायला गोड. म्हणाले, "तुमचं काम उत्तमच आहे. एकाने कमी पडतंय इतकंच. पुढच्या वर्षी अर्ज करा, तोवर एखादं सायटेशन आपोआप येईल."

मी ठरवून काही बोलायला गेले नव्हते. पण ते 'आपोआप' कानावर पडलं आणि माझा तोल गेला.

"म्हणजे मी वर्षभर घरी पाय पसरून झोपले तरी पुढच्या वर्षी लायक ठरेन," मी म्हटलं. "काम आज आहे तेच राहील. मी आहे तीच राहीन. मग तुम्ही नेमकं काय मोजताय, सर?"

एक सभासद आपल्या कपातला चहा न्याहाळू लागले. अध्यक्ष म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. मी म्हटलं, "हो ना. मग नकार लेखी द्या, कारणासकट. एका सायटेशनने कमी, असंच लिहा."

बाहेर आले आणि खूप वर्षांनी छाती भरून श्वास घेतला.

पत्र आलं ते नव्या नावाने. मी ते परत केलं. आस्थापना विभागातल्या बाई चक्रावल्या. "अहो, नकाराचं पत्र कुणी दुरुस्त करून मागतं का?" मी म्हटलं, अर्ज ज्या नावाने केला, उत्तर त्याच नावाने यायला हवं. बढती नाकारायची असेल तर जिने काम केलं तिला नाकारा, भलत्या बाईला नको. दोन फेऱ्या झाल्या, थोडी वादावादी झाली. शेवटी वैतागून त्यांनी कबूल केलं आणि मी दौऱ्यावर असल्याने पत्र रजिस्टर पोस्टाने घरच्या पत्त्यावर धाडलं.

पुढचं मला नवऱ्याने फोनवर सांगितलं. पोस्टमन दुपारी आला. इतक्या वर्षांत त्या नावाचं पत्र या घरी कधी आलं नव्हतं. दारावरच्या पाटीकडे बघत त्याने विचारलं, "अम्मा, इस नाम का इधर कोई नहीं ना? वापस भेज देतऊं."

नवरा आतून उठेपर्यंत सासूबाई दारात गेल्या होत्या. त्यांनी पाकीट हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि वरचं नाव एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचलं. लग्नाच्या बोलण्यांनंतर ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

"वापस कायकू?" त्या पोस्टमनला म्हणाल्या. "है ना. मेरी बहू है." आणि त्यांनी सही केली.