चांदीचा डाग

शेणव्याहून शहापूरला जाणाऱ्या जीपमध्ये ती मुलगी रोज माझ्यासमोर बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. तिची बोटं मात्र कायम ओढणीत लपवलेली असायची.

एकदा खिडकीची काच ओढताना ती बोटं दिसली. शेंडे काळेकुट्ट. शेजारची रानभाजीवाली आजी कळवळली, "बिबा उतला काय गो?"

"नाय आजी, चांदी इरघळलेल्या पान्याचा डाग हाय. कॉलेजात आमी समुद्राच्या शेवाळाच्या काढ्यात ते घालतो. त्यातनं चांदीचे बारीक कण व्हतात. जखमेच्या पट्टीला चालतील का, ते बघतोय."

"मंग आधी सोताची जखम बघ की!" आजीनं पिशवीतून खोबऱ्याचा तुकडा काढला, चावला आणि तिच्या बोटांना चोळला. मग ते रोजचंच झालं.

तो डाग खोबऱ्यानं जात नाही, नवी कातडी आली की आपोआप जातो, हे तिनंच मला स्टँडवर हसत सांगितलं. पण बोटं उजळली तेव्हा आजीला म्हणाली, "तुजं खोबरं लागू पडलं बघ."

शास्त्र शिकणाऱ्या मुलीनं इतकं धडधडीत खोटं बोलावं! मला ती तेव्हाच फार आवडली.

पुढच्या आठवड्यात बोटं पुन्हा काळी. ओढणी मात्र खांद्यावरच होती. जीप सुटायच्या आधीच तिनं आपला हात आजीच्या मांडीवर ठेवला.