मोटारीतली मोरी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मला मध्येच गप्प बसायची सवय आहे. चार माणसं समोर दिसली की माझी जीभ टाळूला चिकटते. आमच्या मार्व्याच्या सहलीचं जे काही झालं, ते त्या चिकटलेल्या जिभेमुळेच. घ्या, चहा घ्या. निवेल.

शाळा मी सातवीतच सोडली आणि अंधेरीला बाबू मिस्त्रींच्या गॅरेजात लागलो. ड्रायव्हरचं लायसन काढून ठेवलं होतं, पण मिस्त्री स्टिअरिंगला हात लावू देतील तर शपथ! "सदू, तू काचा फार छान पुसतोस," म्हणायचे. मला ड्रायव्हर व्हायचं होतं हो. बाकी आयुष्याकडे काही मागणं नव्हतं.

अशात नानासाहेबांची गाडी आली. नानासाहेब फोर्टातल्या ऑफिसातून रिटायर झालेले, अंधेरीलाच बंगला. लष्कराने मोडीत काढलेली एक अ‍ॅम्ब्युलन्स त्यांनी लिलावात उचलली होती. तिचं त्यांना चाकांवरचं घर करायचं होतं. आम्ही केलं. दोन बाकं, घडीचं टेबल, स्टोव्हला फळी, आणि मागच्या कोपऱ्यात पडद्याआड पत्र्याची मोरी. मोरीला लागून तांब्याचा बंब, साखळीने जखडलेला, आणि त्याचं धुराडं छपरातून वर काढलेलं. लांबून गाडी बेकरीसारखी दिसायची.

नानासाहेब म्हणाले, "सदू, दोन दिवस मार्व्याला जाऊन येऊ. नीट पार पडलं तर उन्हाळ्यात काशीपर्यंत गाडी तूच न्यायचीस. कायमचा ड्रायव्हर! नाही जमलं तर मिस्त्रींकडे काचा पूस."

निघताना मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं. "गाडी मोडलीस तरी चालेल, मी जोडीन. पण आत्याबाईंचं अंघोळीचं पाणी चुकवू नकोस."

आत्याबाई म्हणजे नानासाहेबांच्या थोरल्या विधवा बहीण. आई लहानपणीच गेल्यावर नानासाहेबांना त्यांनीच वाढवलं. गुडघे धरलेले, पण आवाज खणखणीत. कढत पाण्याने अंघोळ आणि देवपूजा झाल्याशिवाय त्या चहाला शिवत नसत. आणि त्या शिवल्याशिवाय घरात कोणी शिवत नसे. म्हणजे नानासाहेबांचा चहा, त्यांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा चहा आणि माझी नोकरी, सगळं त्या बंबावर.

सकाळी मार्व्याला पोचलो. खाडीपलीकडे मनोरी, माडांची रांग, झकास हवा. मी गाडी समुद्राकडे तोंड करून उभी केली, नानासाहेबांना बसल्या जागी होड्या दिसाव्यात म्हणून. मग बंब पेटवला.

समोरचा वारा धुराड्यातून खाली आला आणि धूर मोरीतून बाहेर. पाच मिनिटांत काकू खोकत खाली उतरल्या, नानासाहेब पंच्याने डोळे पुसत उतरले, आत्याबाई देवांचा डबा छातीशी धरून उतरल्या. मी पुन्हा पेटवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर बंबाने जळता कागदच माझ्या अंगावर टाकला.

"सदू, पाणी झालं का रे?" आत्याबाई.

आता इथे साधं वाक्य होतं, 'बंब पेटत नाही.' तीनच शब्द. पण पुढ्यात तिघं वडीलधारे, तिघंही बिनचहाचे. मी म्हणालो, "हो, झालंच!"

आणि मग मला रेडिएटर आठवला. अंधेरीपासून गाडी पळवलेली, आतलं पाणी नुसतं खदखदत होतं. पडद्याआडून बादली काढली, बॉनेटखाली लावली, चावी सोडली. बादलीभर वाफाळतं पाणी! रंग जरा तांबूस होता, वर तेलाचा बारीक तवंग होता. निम्मं थंड पाणी मिसळलं, डोळे मिटले आणि मोरीत ठेवलं.

आत्याबाईंची अंघोळ संपेना. मी बाहेर उभा राहून मिस्त्रींना कोणती काच आधी पुसायची आहे, याचा विचार करत होतो. शेवटी त्या बाहेर आल्या.

"नाना!"

"काय झालं, अक्का?"

"अरे, हे पाणी आहे की काय! अगदी वज्रेश्वरीच्या कुंडातलं! तोच रंग, तोच वास. आणि अंगाला तेल चोळायचीसुद्धा गरज नाही, पाण्यातच आहे! मार्व्याचं पाणी असं असतं हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही."

नानासाहेबांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास! बंब भलताच लवकर तापतो रे!"

"तापतो," मी म्हणालो.

मग काकूंना पाणी हवं झालं. नानासाहेबांना दाढीला हवं झालं. रेडिएटर एकच, त्यात पाणी एकाच बादलीचं. विहिरीचं पाणी थोडं थोडं भरायचं, इंजिन सुरू करायचं, तापलं की काढायचं, पुन्हा भरायचं. गाडी जागच्या जागी घुरघुरतेय आणि मी बॉनेटखाली बादली धरून बसलोय, म्हैस पिळतात तसा.

"इंजिन कशाला चालू रे?"

"बॅटरी चार्ज होतेय."

"वा! फार काळजी घेतोस."

संध्याकाळी आत्याबाईंनी गुडघ्यांना शेक घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अंघोळ, आणि वर जाहिरात! पारूबाई म्हणून कोळीण पाटी घेऊन चालली होती, तिला थांबवून म्हणाल्या, "बाई, माझे गुडघे बघ. काल वाकत नव्हते." आणि वाकवून दाखवले.

"आवं बाय, आमचे म्हाताऱ्याची कंबर धरलीय वरसभर! घिऊन येऊ?"

"आण की! सदू, एक बादली."

पारूबाईचा सासरा आला. त्याच्या मागून खांदा धरलेला एक आला. मग मान धरलेली एक. मनोरीहून आलेल्या होडीतले दोघे, जे नुसते बाजाराला निघाले होते, ते रांग दिसली म्हणून उभे राहिले. आत्याबाई खुर्ची टाकून बसल्या आणि कुणाला कुठे किती पाणी ओतायचं ते सांगू लागल्या. मी इंजिन चालू ठेवलं. पेट्रोलचा सुटा डबा होता, तोही मध्येच टाकीत ओतला. बॅटरी इतकी चार्ज झाली होती की विचारू नका.

दुपारी निघालो. सगळ्यांना नमस्कार झाले, पारूबाईने हात हलवला, गाडी शंभर पावलं गेली, दोन आचके दिले आणि थांबली.

नानासाहेबांनी टाकीत काठी घातली. काठी कोरडी. "अंधेरीला मी स्वतः भरलंय! वर डबा होता! चोरी, सदू! उघड उघड चोरी! सकाळपासून एवढी माणसं कशाला जमली होती, आता कळलं." आणि ते पारूबाईच्या अंगावर धावले. "कुणी काढलं पेट्रोल? बोला!"

पारूबाईने पाटी खाली ठेवली. "काय बोलतंस? आमी चोर?"

मागे सासरा कमरेवर हात देऊन ताठ उभा. बिचारा वर्षाने ताठ झाला होता आणि चोर ठरत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी चार माणसांत तोंड उघडलं.

"नानासाहेब, त्यांनी नाही घेतलं. पेट्रोल आत्याबाईंच्या अंघोळीत गेलं."

आत्याबाईंनी हळूच हाताचा वास घेतला.

"गाढवा!" नानासाहेब ओरडले. "माझ्या बहिणीला पेट्रोलने अंघोळ घातलीस? आणि शेजारी बंब पेटवतोस?"

"बंब पेटलाच नाही!" मी म्हणालो, आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. धूर, रेडिएटर, तवंग, बॅटरी. नानासाहेबांनी बंबात डोकावलं. कालचे कोळसे जसेच्या तसे. त्यांनी पारूबाईला हात जोडले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अंधेरीला पोचलो की तू मोकळा."

मालाडच्या पेट्रोलपंपापर्यंत गाडी बैलांनी ओढत नेली. मी स्टिअरिंगवर. ड्रायव्हर म्हणून पहिल्याच फेरीत पुढे बैल. दुसऱ्या दिवशी गॅरेजात मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "चाकांवरचं घर आहे ना रे ते? मग वाऱ्याकडे पाठ करून उभं नाही करायचं?"

हे मला दोन दिवसांत सुचलं नव्हतं.

मी फडकं हातात घेतलं, तेवढ्यात नानासाहेब दारात. चेहरा पडलेला. "सदू, चल. अक्का काल मालाडपर्यंत बैलांच्या पुढे चालत गेली. आता म्हणते, गुडघ्यांना मोटारीचंच पाणी हवं. बंबाचं नको म्हणते, त्याला गुण नाही. मी लाख समजावलं."

"म्हणजे मी ड्रायव्हर?"

"कायमचा," नानासाहेब म्हणाले. इतक्या दुःखाने नोकरी दिलेली मी पाहिली नाही.

तेव्हा मी ड्रायव्हर झालो आणि अजून आहे. गाडी बंगल्याच्या अंगणात उभी असते. बाहेर काढायची सोय नाही, कारण रस्त्यावर नेली की पाण्याला डांबराचा वास येतो असं आत्याबाईंचं म्हणणं. काशीचं नाव कोणी काढत नाही. मी रोज सकाळी सीटवर बसतो, हॉर्न पुसतो, इंजिन सुरू करतो. नानासाहेब कुठे जायचं झालं तर भाड्याची घोडागाडी बोलावतात. ती फाटकातून निघते तेव्हा ते मान बाहेर काढून मला विचारतात, "काय ड्रायव्हर, कुठवर पोचलास?"

मी खाली उतरतो, बादलीत बोट घालतो आणि सांगतो, "कोमट."