नावीन्य कक्षाची जागा

यंदा निवृत्त होऊन रोह्याला घरी बसलेय, तरी ती खोली काही डोक्यातून जात नाही.

आमच्या भागातल्या एका पालिकेत मी आवक-जावकच्या टेबलावर होते. कुठल्या, ते विचारू नका. आवारातच, भाजीबाजाराला लागून बायकांची मुतारी होती. घाणेरडीच होती, नाक धरून जावं लागायचं. पण दारं होती, दारांना आतून कडी होती, आणि बाजारात बसणाऱ्या बायकांचं तेवढ्यावर भागायचं. गडब गावाच्या पलीकडच्या आदिवासी वाडीवरून एक मावशी यायची. शेवळं, करांदे, टाकळा, रानात जे निघेल ते घेऊन सकाळीच बसायची. मुतारीला जाताना टोपली माझ्या खिडकीखाली ठेवायची आणि म्हणायची, "बाय, जरा नजर ठेव गो." एवढीच आमची ओळख.

मग आमचे साहेब कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले. शहराने आपली क्षमता वाढवली पाहिजे, कारभारात नवं काही करून दाखवलं पाहिजे, हे तिथे त्यांच्या डोक्यात भरलं. नावीन्य कक्ष काढायचं ठरलं. आता जागा कुठली? स्वतःची खुर्ची हलवायला एकही खातं तयार नव्हतं. मुतारीवर मात्र सगळ्यांचं लगेच एकमत झालं. मी म्हटलं, "मग बायका जातील कुठे?" साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं सगळं निगेटिव्हच असतं. त्यांची सोय करू ना."

जुनं तोडून फरशी घातली, एसी लावला, रंगीत खुर्च्या आल्या. भिंतीवर चिकटवायला पिवळे कागद आले. पहिल्या कार्यशाळेत शहराची एक समस्या निवडायची होती. कुणीतरी म्हणालं, बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. काय माना डोलल्या सगळ्यांच्या! ज्यांच्या सहीने ते तुटलं, तेही गंभीर चेहरा करून टिपणं घेत होते. मला तिथे बसवेना. कसलंतरी कारण काढून मी टेबलावर परत आले.

उपायाची प्रतिकृती करायचं ठरलं. आमच्याकडे कसलीही प्रतिकृती म्हटली की माणूस मूर्तिकारांच्या जोहे गावाला धावतो. तिथल्या गणपतीच्या कारखान्यातून शाडूचं स्वच्छतागृह आलं, मखरासारखं रंगवलेलं, खिडक्यांना सोनेरी पट्टी. कारागिराचा हात सुरेखच होता, त्याला बोल लावायचं कारण नाही. पण टेबलावर ठेवल्याबरोबर आमच्यातल्या एकाने सवयीने त्याला हळदकुंकू लावलं, वर जास्वंद ठेवली, आणि साहेबांनी नारळ फोडला. कुणालाही हसू आलं नाही. शिसारी येते म्हणजे काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

बाहेरून पाहुणे बघायला आले तेव्हा मावशीला बाजारातून उठवून आणलं, लाभार्थी म्हणून. ती रंगीत खुर्चीच्या कडेवर बसली. साहेबांनी स्वतः पाण्याची बाटली पुढे केली. "घ्या ना मावशी."

"नको सायेब," ती म्हणाली. "सकालधरना नाय प्यायले. प्यायले तं जाऊ कुठं?"

पाहुण्यांतल्या एक बाई आनंदून म्हणाल्या, "हेच ऐकायला आपण आलो होतो." त्यांनी ते वाक्य पिवळ्या कागदावर लिहून भिंतीवर चिकटवलं. टाळ्या झाल्या. मावशी वाकून त्या शाडूच्या घराकडे बघत होती. मला हळूच म्हणाली, "ह्याचं दार उघडतं काय गो?"

मी नाही म्हटलं आणि तिला हाताला धरून कार्यालयातल्या आमच्या बाथरूमकडे नेलं. दुसऱ्या दिवसापासून त्या बाथरूमची किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये गेली.

पावसाळ्यात मावशी यायची बंद झाली. तिच्या वाडीवरची दुसरी बाई तिच्या जागी बसायला लागली. मी चौकशी केली तर म्हणाली, "लघवीला आग व्हते तिला. डाक्टर बोलतो, पानी पी. पानी पिऊन बाजारात बसनार कशी?"

पाण्यावाचून तिचेही ओठ सुकले होते. मी माझी बाटली पुढे केली. पाहुणे गेल्यापासून कुलूप लागलेल्या नावीन्य कक्षाकडे तिने आधी पाहिलं आणि न पिताच बाटली परत दिली.