रानीचं रक्त

माझा मावसभाऊ हर्षवर्धन जनावरांचं रक्त तपासतो आणि स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवतो. म्हणवू दे. मूळचा अकोल्याचा, आता राहतो इथे लखनौत, सरोजिनी नगरात. पण बोलणं असं, की शहरातल्या तमाम शेळ्या याच्याच भरवशावर उभ्या आहेत.

त्याच्या आईने, म्हणजे माझ्या लीलावती मावशीने, अंगणात एक शेळी पाळली होती. रानी. मावशीला इथली हिंदी कधी धड जमली नाही, त्यामुळे दिवसभर बोलायला ती शेळीच. गेल्या वर्षी थंडीत रानीच्या लेंड्यांत भाताच्या शितांसारखं पांढरं काहीतरी दिसू लागलं. पट्टकृमी. आलमबागेतल्या दुकानातही याचं औषध मिळतं.

पण या गृहस्थाला शोधनिबंध लिहायचा होता. पट्टकृमींमुळे शेळीच्या रक्तात काय बदल होतात, हा विषय. त्यासाठी निम्म्या शेळ्यांना औषध द्यायचं, निम्म्यांना नाही. लोकांच्या शेळ्या बिनऔषधाच्या ठेवल्या तर मालक भांडायला येतात. आई कुठे भांडणार? रानी बिनऔषधाच्या गटात गेली आणि आईला याने अवाक्षर सांगितलं नाही.

दर रविवारी हा सुई घेऊन अंगणात यायचा. मावशी रानीची मान धरायची, तिला गूळ चारायची आणि मला फोनवर कौतुकाने सांगायची, की मुलगा घरीच इलाज करतोय. सुई टोचली म्हणजे औषध आत गेलं, असं तिला वाटायचं. याने तो गैरसमज बिनदिक्कत चालू दिला. रानी खंगत गेली, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. होळीच्या आधी ती मेली.

निबंध छापून आल्यावर याने आम्हाला जेवायला बोलावलं. पुऱ्यांबरोबर वाचनही वाढलं. हिमोग्लोबिन घसरलं, एका जातीच्या पांढऱ्या पेशी वाढल्या, प्रथिनं आणि साखर उतरली, यकृत बिघडल्याचं दिसलं. इतक्या जिव्हाळ्याने हा माणूस आईबद्दलही कधी बोलला नाही. मग त्याच सुरात पुढचं वाक्य आलं, की औषध दिलेल्या शेळ्या महिन्याभरात ठणठणीत झाल्या.

मावशीचा हात ताटातच थांबला.

"म्हणजे रानीला दवाई दिलीच नव्हतीस?"

"आई, तसा एक ग्रुप ठेवावाच लागतो. रिसर्च असंच असतं."

मावशी रडली नाही, भांडलीही नाही. खाली बघत एवढंच म्हणाली, "अरे, मान तर मी धरत होते तिची."